निसटलेल्या एरर कुठे गाठायच्या?

एकाच कोडमधून ॲन्ड्रॉइड आणि आयफोन अशा दोन्हींसाठी ॲप बनवणाऱ्यांचे प्रश्न या वेळी जास्त आहेत. बहुतेकांची तक्रार एकच: हँडलर (एरर आली की आपोआप चालणारं फंक्शन) लावला, तरी क्रॅश हाती लागत नाही.

प्रश्न: आमचं ॲप डॉटनेट माउईमध्ये (मायक्रोसॉफ्टच्या सी-शार्प भाषेतल्या फ्रेमवर्कमध्ये) आहे. 'ॲपडोमेन.करंटडोमेन.अनहँडल्डएक्सेप्शन'ला हँडलर जोडून त्यात लॉग लिहितो. ॲन्ड्रॉइडवर लॉग कधी येतो, कधी नाही. आयफोनवर ॲप नुसतंच बंद पडतं. सगळं एकाच ठिकाणी पकडता येणार नाही का?

उत्तर: नाही. सी-शार्पचा कोड एक असला, तरी तो ज्याच्यावर चालतो ते प्रत्येक फोनवर निराळं आहे. ॲन्ड्रॉइडवर बटण दाबलं की हाक जावाकडून सी-शार्पमध्ये येते. तिथलं एक्सेप्शन, म्हणजे कोड चालताना उठलेली एरर, कोणी पकडलं नाही, तर ते परत जावाच्या हद्दीत शिरतं. ही वेस ओलांडताना उठणारा इव्हेंट म्हणजे 'ॲन्ड्रॉइडएन्व्हायर्नमेंट.अनहँडल्डएक्सेप्शनरेझर', त्यालाही हँडलर जोडा. आयफोनवर तीच वेस ऑब्जेक्टिव्ह-सीची. तिथे 'रनटाइम.मार्शलमॅनेज्डएक्सेप्शन' या इव्हेंटमध्ये 'एक्सेप्शनमोड'ला 'अनवाइंडनेटिव्हकोड' ही व्हॅल्यू द्या, म्हणजे तुमच्या ॲपडोमेनच्या हँडलरपर्यंत एक्सेप्शन पोचतं. या जोडण्या ॲप सुरू होताना चालणाऱ्या 'क्रिएटमाउईॲप' फंक्शनच्या अगदी पहिल्या ओळींत करा. खाली केल्या, तर सुरुवातीच्या सेटअपमधलेच क्रॅश सुटतात. सगळे हँडलर एकाच फंक्शनकडे वळवा आणि तेच एक्सेप्शन दोन वाटांनी आलं तर दुसरं सोडून द्या.

आता असिंकचं, म्हणजे बाकीचं ॲप न अडवता मागे चालणाऱ्या कामाचं. समजा सेव्ह बटणामागे 'सेव्हअसिंक()'ला हाक मारली आणि 'अवेट' (ते काम संपेपर्यंत थांबायला सांगणारा शब्द) लिहायचं राहिलं. आतलं एक्सेप्शन त्या टास्कमध्येच (मागे चालणाऱ्या कामाच्या ऑब्जेक्टमध्येच) अडकून पडतं, ॲप मजेत चालू राहतं आणि डेटा मात्र जतन झालेला नसतो. याच्यासाठी 'टास्कशेड्युलर.अनऑब्झर्व्हडटास्कएक्सेप्शन' आहे, पण तो उठतो ते गार्बेज कलेक्टरने (नको झालेली मेमरी मोकळी करणाऱ्या यंत्रणेने) तो टास्क उचलला तेव्हा. म्हणजे काही मिनिटांनी, किंवा त्याआधी ॲप बंद झालं तर कधीच नाही. चाचणी घेताना 'जीसी.कलेक्ट()' आणि त्यापाठोपाठ 'वेटफॉरपेंडिंगफायनलायझर्स()' चालवा, नाहीतर हँडलर बिघडलाय असं वाटत राहील. 'असिंक व्हॉइड'चं वागणं याच्या उलट: तिथे टास्कच नसतो, त्यामुळे एक्सेप्शन थेट मुख्य थ्रेडवर आदळतं आणि ॲप पडतं. इव्हेंट हँडलरमध्ये 'असिंक व्हॉइड' टळत नाही, म्हणून त्याची आख्खी बॉडी ट्राय-कॅचमध्ये घाला.

प्रश्न: ॲन्ड्रॉइडच्या त्या इव्हेंटमध्ये 'हँडल्ड = ट्रू' केलं की ॲप बऱ्याचदा पडत नाही. तसंच ठेवावं का?

उत्तर: ठेवू नका. जे फंक्शन अर्ध्यावर तुटलं ते अर्ध्यावरच राहतं: लोडिंगचं चक्र फिरतच असतं, बटण डिसेबल झालेलं असतं, यादीत निम्म्याच नोंदी असतात. बंद पडलेलं ॲप माणूस पुन्हा उघडतो. गोठलेल्या स्क्रीनवर तो बोटं आपटत बसतो. ग्लोबल हँडलर नोंद करण्यासाठी असतो, सावरण्यासाठी नाही. सावरायचं ते जिथे चूक होऊ शकते तिथल्याच ट्राय-कॅचमध्ये.

प्रश्न: फ्लटरमध्ये (गूगलच्या डार्ट भाषेतल्या फ्रेमवर्कमध्ये) 'रनझोन्डगार्डेड' वापरतो. आता कन्सोलवर 'झोन मिसमॅच' असा इशारा येतो.

उत्तर: 'विजेट्सफ्लटरबाइंडिंग.एन्शुअरइनिशियलाइज्ड()' ही ओळ झोनच्या (आतल्या कोडच्या एरर गोळा करणाऱ्या कुंपणाच्या) बाहेर आणि 'रनॲप' आत, असं झालं असणार. दोन्ही एकाच झोनमध्ये आणा. त्याहून बरं म्हणजे झोनच काढून टाका. फ्लटर 3.3 पासून दोन जोडण्यांत काम भागतं. बिल्ड, लेआउट, पेंट यांतल्या एरर 'फ्लटरएरर.ऑनएरर'कडे येतात; तिथे 'फ्लटरएरर.प्रेझेंटएरर'लाही हाक मारा, नाहीतर डेव्हलपमेंटमध्ये कन्सोल मुका होतो. बाकीच्या, म्हणजे मुख्यतः असिंक एरर 'प्लॅटफॉर्मडिस्पॅचर.इन्स्टन्स.ऑनएरर'कडे येतात; त्यातून 'ट्रू' परत करा. 'आयसोलेट.स्पॉन'ने काढलेल्या आयसोलेटच्या (स्वतःच्या मेमरीत वेगळं चालणाऱ्या कोडच्या) एरर मात्र या दोन्हींत येत नाहीत, त्यासाठी स्पॉन करतानाच 'ऑनएरर' पोर्ट द्यावा लागतो. रिलीजमध्ये तुटलेल्या विजेटच्या (स्क्रीनवरच्या घटकाच्या) जागी करडा चौकोन दिसतो, तो 'एररविजेट.बिल्डर'ने बदलता येतो. तिथे साधा मजकूर ठेवा. थीम किंवा भाषांतराची फाइल मागणारं विजेट तिथे घातलं, तर एरर दाखवतानाच एरर येते.

प्रश्न: रिॲक्ट नेटिव्हमध्ये (जावास्क्रिप्टच्या फ्रेमवर्कमध्ये) मुळाशी एरर बाउंड्री, म्हणजे आतल्या घटकांच्या एरर पकडणारा घटक, आहे. बटणाच्या 'ऑनप्रेस'मधली एरर तिथे पोचत नाही.

उत्तर: पोचणारच नाही. बाउंड्री फक्त रेंडर आणि लाइफसायकलमधलं पकडते. इव्हेंट हँडलर आणि टायमरसाठी 'एररयुटिल्स.सेटग्लोबलहँडलर' आहे. आधीचा हँडलर 'गेटग्लोबलहँडलर'ने घेऊन ठेवा आणि आपलं काम झालं की त्याला हाक मारा, नाहीतर क्रॅश-रिपोर्टिंगचं टूल उपाशी राहतं. नाकारलेली प्रॉमिस, म्हणजे फसलेली असिंक कामं, इथेही येत नाहीत. हर्मिस या जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या इंजिनात त्यांच्यासाठी वेगळा रिजेक्शन ट्रॅकर सुरू करावा लागतो.

प्रश्न: हँडलरमधून लॉग सर्व्हरला पाठवतो. निम्मे लॉग पोचतच नाहीत.

उत्तर: निम्मे पोचतात हेच नवल. प्रोसेस मरत असते, असिंक रिक्वेस्ट संपेपर्यंत तिला कोण थांबवणार? हँडलरमध्ये सिंक्रोनस पद्धतीने एक छोटी फाइल लिहा: एररचा प्रकार, स्टॅक ट्रेस (एररपर्यंत चाललेल्या फंक्शनची साखळी), ॲपची आवृत्ती आणि बिल्ड नंबर, ओएसची आवृत्ती, शेवटचा स्क्रीन. पासवर्ड, टोकन किंवा फॉर्ममधला मजकूर त्यात नको. पुढच्या वेळी ॲप उघडलं की फाइल पाठवा आणि सर्व्हरने होकार दिल्यावरच ती पुसा. हे लिहिणंही ट्राय-कॅचमध्ये हवं. डिस्क भरलेली असेल तर हँडलर स्वतःच कोसळतो. फ्लटरचं बिल्ड 'ऑब्फस्केट' केलेलं (कोडमधली नावं लपवलेलं) असेल, तर त्या बिल्डच्या सिम्बॉल फाइल्स, म्हणजे मूळ नावं परत देणाऱ्या फाइल्स, जपून ठेवा. त्या हरवल्या की स्टॅक ट्रेसचे नुसते आकडे वाचत बसावं लागतं.

प्रश्न: हे सगळं करूनही काही जण 'ॲप आपोआप बंद होतं' म्हणतात, पण नोंद कुठेच नाही.

उत्तर: मेमरी कमी पडली की ओएस प्रोसेस थेट मारते. त्यासाठी ती पाठवते तो सिग्नल कोणत्याच हँडलरला पकडता येत नाही. नेटिव्ह लायब्ररीतला 'सिगसेग्व्ही' (चुकीच्या मेमरीला हात लावल्याने होणारा क्रॅश) डार्ट, जावास्क्रिप्ट किंवा सी-शार्पपर्यंत एरर म्हणून येईलच असं नाही, त्याला नेटिव्ह पातळीवरचं क्रॅश टूल लागतं. ॲन्ड्रॉइडवर मुख्य थ्रेड अडकून स्पर्शाला 5 सेकंद उत्तर मिळालं नाही, तर 'ॲप प्रतिसाद देत नाही' हा डायलॉग येतो आणि वैतागलेला माणूस तिथूनच ॲप बंद करतो. ॲन्ड्रॉइड 11 पासून 'गेटहिस्टॉरिकलप्रोसेसएक्झिटरीझन्स'ने मागचा मृत्यू कशाने झाला ते पुढच्या वेळी विचारता येतं. आयफोनसाठी एक साधी खूण: ॲप समोर आलं की फाइलमध्ये 'चालू' लिहा, मागे गेलं की 'मागे'. पुढच्या वेळी 'चालू' सापडलं आणि क्रॅशची फाइल मात्र नसली, तर ॲप नोंद न होता मेलं असं धरा आणि शोध मेमरीपासून सुरू करा.