देवानं शब्द दिला, पण भावाच्या वतीनं नाही

नारायण पेठेतल्या एका ताईंचं पत्र आहे. धाकटा भाऊ रोज पितो. आईनं गणपतीपुढं शपथ घालून दारू सोडायला लावली, चौथ्या दिवशी तो पुन्हा प्यायला. आई म्हणते, ‘माझा भक्त नाश पावत नाही’ हे गीतेतलं वचन आहे, तो सुधारणारच. ताई विचारतात: देवानं तसा शब्द दिला असेल तर भावाच्या मर्जीला काय अर्थ? आणि मर्जी त्याचीच असेल तर देव शब्द देतो कसा?

ताई,

देव शब्द देतो तो स्वतःच्या वागण्याचा. भाऊ काय करेल याची हमी त्यानं कुठंच घेतलेली नाही. आई म्हणतात तो नवव्या अध्यायातला ३१वा श्लोक; ३०वा गाळून तो वाचला की घोटाळा होतो. माणूस कितीही दुराचारी असो, तो अनन्यभावानं भजत असेल, त्याचा निश्चय योग्य असेल, ही अट तिथं आहे. निश्चय माणसाचा, वचन त्यापुढचं. अठराव्या अध्यायातही आधी ‘यथेच्छसि तथा कुरु’, म्हणजे तुला वाटेल तसं कर (६३), आणि मग ‘तुला पापांतून सोडवीन’ (६६). वेदान्ताचा मूळ ग्रंथ ब्रह्मसूत्र (२.३.४२) सांगतो, ईश्वर करवतो ते जीवाचा प्रयत्न पाहून, एरवी ‘हे कर, ते करू नको’ सांगणंच व्यर्थ ठरलं असतं. शंकराचार्य तिथं पावसाचा दाखला देतात: पाऊस सारखाच, पीक ज्याच्या त्याच्या बियाण्याचं.

पण म्हणून ‘मनात आणलं तर सुटेल’ असं भावाला सुनावू नका. इच्छा नसताना, कुणी बळंच जुंपल्यासारखा माणूस पाप का करतो, हे गीतेत अर्जुनानंही विचारलंय (३.३६). व्यसनात मर्जी उरते, पण पांगळी.

शिवाय अशी शपथ धोक्याची. रोज भरपूर पिणाऱ्यानं एकदम थांबवलं तर पहिल्याच दिवशी हात थरथरतात, दोन दिवसांत फिट येऊ शकते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भ्रम होतो, भास होतात, जीवही जातो. चौथ्या दिवशीचा पेला कदाचित या त्रासापोटीच असेल. पुढच्या वेळी आधी डॉक्टर. रोज किती पितो, शेवटचं कधी प्यायला, पूर्वी फिट आली होती का, हे कागदावर लिहून न्या. येरवड्याचं मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र १९८६पासून हेच काम करतंय. भाऊ तयार नसला तरी तुम्ही जाऊन बोला.

आईंची श्रद्धा मोडू नका, फक्त शपथेत ‘तो सोडेल’च्या जागी ‘आम्ही त्याला उपचाराला नेऊ’ असं बोलायला सांगा. त्याच्या ऑफिसात ‘ताप आलाय’ असं कळवणं बंद करा. दारूचे पैसे मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकदम तोडू नका. कारण वर आलंच आहे.