‘कुठेही वापरा, फक्त नाव राहू द्या’

प्रश्न : आम्ही कोल्हापुरातील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांचा नाट्यगट चालवतो. गटाची नोंदणी झालेली नाही. गेल्या वर्षी आमच्या दीर्घांकासाठी एका ओळखीच्या डिझायनरकडून लोगो, पोस्टर आणि दीड मिनिटाचा प्रोमो करून घेतला. एकूण ८,००० रुपये ठरले होते. त्यांपैकी ५,००० मी माझ्या खात्यातून यूपीआयने दिले, ३,००० राहिले आहेत. लेखी करार नाही, बोलणे व्हॉट्सॲपवर झाले. आता सांगली आणि पुणे येथे तिकीट लावून प्रयोग करायचे ठरल्यावर ते लोगोसाठी २५,००० रुपये मागत आहेत. यूट्यूबवरील प्रोमो त्यांनी कॉपीराइटची तक्रार करून उतरवला आहे आणि दीर्घांकाचे नावही आपणच सुचवले होते, असे म्हणतात. दुसरीकडे महाविद्यालय लोगो आपला आहे म्हणते. लोगो वापरता येईल का? आमच्यावर पोलिसांत तक्रार होऊ शकते का?

उत्तर : गॅदरिंग आणि एकांकिका स्पर्धांचा हंगाम उलटला की या मजकुराची पत्रे येऊ लागतात; आकडे आणि महाविद्यालये तेवढी बदलतात. त्यामुळे लेखी करार करायला हवा होता, हे पुन्हा सांगण्यात मी जागा घालवत नाही. तुमच्या प्रकरणाचा निकाल तुम्ही पत्रासोबत पाठवलेल्या एका स्क्रीनशॉटवर अवलंबून आहे आणि त्याकडे तुमचे स्वतःचे लक्ष गेलेले दिसत नाही. लोगोची अंतिम फाईल पाठवताना डिझायनरने खाली लिहिले आहे : ‘फायनल आहे. कुठेही वापरा, फक्त नाव राहू द्या.’ या एका ओळीत तुमचा बचाव आहे आणि तुमची चूकही आहे.

त्याआधी एक गोष्ट स्पष्ट करतो. एकाच व्यवहारात, एकाच माणसाकडून करून घेतलेल्या दोन वस्तूंची मालकी कायद्याने दोन वेगळ्या माणसांकडे जाऊ शकते आणि येथे तसेच घडले आहे. कॉपीराइट अधिनियम, १९५७ च्या कलम १७ मधील खंड (ख) नुसार, कोणाच्या सांगण्यावरून मोबदला घेऊन छायाचित्र, रंगचित्र, व्यक्तिचित्र, कोरीवकाम किंवा चलचित्रपट तयार केला असेल, तर वेगळा करार नसताना त्याचा पहिला मालक काम सांगणारा ठरतो. तुमचा प्रोमो कायद्याच्या भाषेत चलचित्रपटच आहे. तो कॅमेऱ्यावर चित्रित झाला की मोबाईलवर, याने फरक पडत नाही. काम तुम्ही सांगितले, मोबदला ठरला आणि त्यातील मोठा भाग तुमच्या खात्यातून गेला, तेव्हा प्रोमोची मालकी तुमच्याकडे येते, असे मी बऱ्याच खात्रीने म्हणू शकतो. राहिलेल्या ३,००० रुपयांमुळे डिझायनर मालक होत नाहीत; ते फक्त तुमचे धनको होतात.

लोगोचे तसे नाही. संगणकावर रेखाटलेला लोगो ही कलाकृती खरीच, परंतु खंड (ख) मधील यादीत ती सहज बसत नाही आणि ओढूनताणून तिला रंगचित्र म्हणण्याच्या युक्तिवादावर कोणी प्रयोगाच्या तारखा लावू नयेत. म्हणजे लोगोचा पहिला मालक तो काढणारा आहे. पैसे दिल्याने मालकी हस्तांतरित होत नाही. त्यासाठी कलम १९ प्रमाणे मालकाच्या सहीचे लेखी अभिहस्तांकन, म्हणजे हक्क दुसऱ्याच्या नावे करून दिल्याचा कागद लागतो आणि तो तुमच्याकडे नाही. महाविद्यालयाचा दावा त्याहून कमजोर दिसतो, कारण विद्यार्थी हा महाविद्यालयाचा नोकर नसतो आणि येथे तर लोगो विद्यार्थ्यानेही काढलेला नाही. मात्र सांस्कृतिक विभागाच्या नियमपत्रकावर किंवा निधीच्या अर्जावर तुम्ही काही लिहून दिले असेल, तर तो कागद पाहिल्याशिवाय मी यापुढे जाणार नाही.

आता त्या ओळीकडे येतो. मालकी मिळाली नसली तरी वापराचा परवाना मिळालेला असू शकतो. अभिहस्तांकनाला सही लागते. परवान्याच्या कलम ३० मध्ये मात्र २०१२ च्या दुरुस्तीनंतर मालकाने लेखी दिलेला परवाना एवढेच शब्द राहिले आहेत, सहीचा उल्लेख काढून टाकलेला आहे. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० प्रमाणे इलेक्ट्रॉनिक मजकूर ‘लेखी’ या अटीत बसतो. त्यामुळे ‘कुठेही वापरा’ हा संदेश म्हणजे लेखी परवाना आहे, असे म्हणण्यास चांगली जागा आहे. विरुद्ध बाजूचा वकील कलम ३०अ पुढे करील आणि कलम १९ परवान्यालाही लागू होते, म्हणून सही हवीच, असे म्हणेल. या मुद्द्यावर मी पैज लावणार नाही. पण परवाना मान्य झाला, तर मुदत लिहिलेली नसल्यामुळे ती ५ वर्षांची आणि प्रदेश लिहिलेला नसल्यामुळे तो संपूर्ण भारत धरला जाईल. सांगली आणि पुणे दोन्ही त्यात येतात. तिकीट लावलेले प्रयोग ‘कुठेही’ या शब्दात येतात की नाही, यावर वाद होईल, तरी तो तुम्ही मांडण्याजोगा आहे.

अडचण ओळीच्या उत्तरार्धात आहे. परवाना अटीवर दिलेला आहे आणि ती अट तुम्ही मोडली आहे. तुम्ही पाठवलेल्या दोन पोस्टरांपैकी पहिल्याच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात डिझायनरचे नाव बारीक अक्षरांत आहे. दुसऱ्या पोस्टरावर नेमका तेवढाच कोपरा कापून तेथे मिसळीच्या एका प्रायोजकाची पट्टी बसवली आहे. हे कोणी, का केले, याबद्दल तुमच्या पत्रात अक्षर नाही, पण त्या पोस्टरची तारीख आणि त्यांच्या पहिल्या संतापलेल्या संदेशाची तारीख यांत फारसे अंतर नाही. २५,००० चा आकडा त्यानंतर आला. कलम ५७ प्रमाणे निर्मात्याचा आपल्या कृतीवर नाव सांगण्याचा हक्क कॉपीराइट दुसऱ्याला दिल्यानंतरही त्याच्याकडेच राहतो, म्हणजे उद्या त्यांनी पूर्ण हक्क लिहून दिले तरी तो कोपरा त्यांचाच आहे. नाव परत घातल्याने आधीचा भंग पुसला जाईल, असे मी म्हणत नाही. परंतु आज नाव परत न घालता तुम्ही परवान्याचा आधार घेतलात, तर न्यायाधीशांचा पहिला प्रश्न त्या कोपऱ्याविषयी असेल. म्हणून छापील पोस्टर, इन्स्टाग्रामवरील चित्रे, तिकिटे आणि फ्लेक्स या सर्वांवर नाव आजच घाला. नाव नसलेले फ्लेक्स उतरवा, मग ते दसरा चौकात लागलेले असोत की वसतिगृहाच्या फाटकावर.

दुसरी चूक विलंबाची आहे. ३,००० रुपये तुम्ही ‘रंग थोडा वेगळा हवा होता’ या कारणाने रोखून धरलेत आणि तोच लोगो वर्षभर वापरलात. आवडला नव्हता, तर वापरायचा नव्हता. या रकमेचा उपयोग आता एकाच प्रकारे होऊ शकतो : ती आणि तडजोडीने ठरेल ती वाढीव रक्कम अभिहस्तांकनाच्या कागदासमोर, एकाच बैठकीत द्या. ते सही करण्यास तयार नसतील, तरीही ३,००० रुपये देऊन टाका, कारण ते देणे आहे आणि न्यायालयात जाण्याची वेळ आलीच, तर थकबाकीदार म्हणून जाऊ नये. २५,००० रुपये योग्य आहेत की नाहीत, हा बाजारभावाचा प्रश्न आहे; तो कायदा सोडवत नाही.

कागद लांबलचक नको, पण त्यात लोगोचे नेमके वर्णन आणि चित्र, कोणकोणते हक्क दिले, किती काळासाठी, कोणत्या प्रदेशासाठी आणि किती मोबदल्यात, हे आले पाहिजे. काळ आणि प्रदेश मोकळे सोडलेत, तर वर सांगितलेले ५ वर्षे आणि भारत हेच लागू होतील. दिलेला हक्क वर्षभरात वापरला नाही तर तो संपतो, ही तरतूदही कलम १९ मध्येच आहे. म्हणून ती लागू होणार नाही, असे एक वाक्य त्यात घाला, अन्यथा परीक्षांच्या काळात गट झोपला की हक्कही झोपतील. मूळ फाईल देण्याचे कलम आणि यूट्यूबवरील तक्रार मागे घेण्याचे कलमही असू द्या. कागद गटाच्या नावाने करू नका. नोंदणी नसलेला गट कायद्याच्या दृष्टीने कोणीच नसतो. सध्या तो तुमच्या नावाने करा किंवा किमान सात जणांनी संस्था नोंदवून मग तिच्या नावाने करा.

दीर्घांकाच्या नावाबद्दल त्यांचा दावा सोडून द्या. केवळ शीर्षकावर कॉपीराइट नसतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये कृषिका लुल्ला प्रकरणात सांगितले आहे.

पोलिसांची भीती पूर्णपणे निराधार नाही. कलम ६३ खालील गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये निट प्रो प्रकरणात ठरवले, तेव्हापासून दिवाणी भांडणे पोलीस ठाण्यात नेण्याचा मोह वाढला आहे. मात्र त्या कलमाला जाणूनबुजून केलेला भंग लागतो आणि मोबदला देऊन, ‘कुठेही वापरा’ असे लेखी मिळवून केलेला वापर त्यात बसवणे कठीण जावे. तरी नोटीस आली, तर स्वतः उत्तर लिहीत बसू नका. आणि मोबाईल बदलू नका, चॅट पुसू नका. भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र देताना मूळ संदेश लागेल, त्याचा कापलेला स्क्रीनशॉट पुरणार नाही.

दावा लावून हक्क ठरवून घेऊ, असे तुमच्यातील कोणी सुचवत असेल, तर त्याला कसबा बावड्याच्या न्याय संकुलात एक दिवस नुसते बसवून आणा. ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झाले, ही चांगली गोष्ट आहे. अपिलासाठी मुंबईची गाडी धरावी लागणार नाही. पण अपील निकालानंतर येते, आणि मूळ दाव्याचा निकाल लागेपर्यंत तुमच्या गटातील सगळे पदवीधर झालेले असतील. उलट डिझायनरने प्रयोगाच्या तोंडावर लोगोविरुद्ध तात्पुरता मनाई हुकूम मागितला, तर तो लवकर सुनावणीस येऊ शकतो. वेळ त्यांच्या बाजूने आहे, तुमच्या नाही.

राहिला प्रोमो. तो तुमचा आहे, त्याच्या शेवटच्या पाटीवर डिझायनरचे नाव शाबूत आहे, त्यामुळे यूट्यूबवरची त्यांची तक्रार हा त्यांच्या प्रकरणातील सर्वांत दुबळा भाग आहे. तिथे प्रतिसूचना, म्हणजे तक्रार चुकीची असल्याचे लेखी उत्तर दिल्यास तक्रारदाराला साधारणपणे कामकाजाच्या १० दिवसांत न्यायालयीन कारवाई केल्याचा पुरावा द्यावा लागतो. न दिल्यास चित्रफीत पुन्हा दिसू शकते. प्रतिसूचनेत तुमचे नाव आणि पत्ता जातो आणि तो त्यांना कळतो, हे लक्षात ठेवा. परंतु ती आत्ता पाठवू नका. प्रोमोच्या सुरुवातीला एका चित्रपटगीताची मूळ ध्वनिमुद्रिका वाजते आणि तिच्यासाठी कोणाची परवानगी घेतल्याचा उल्लेख तुमच्या पत्रात नाही. शैक्षणिक संस्थेतील सादरीकरणासाठी कलम ५२ मध्ये असलेली सवलत सर्वांसाठी खुल्या जाहिरातफितीपर्यंत ताणता येईल, असे मला वाटत नाही. ते गाणे काढा, गटातील कोणाकडून स्वतंत्र चाल करून घ्या आणि त्याच्याकडूनही सही घ्या. फितीत दिसणाऱ्या कलाकारांची लेखी संमती जमवा. कनिष्ठ महाविद्यालयातील जे १८ वर्षांखालील आहेत, त्यांच्या पालकांची. एवढे झाल्यावर नवी आवृत्ती चढवा आणि जुन्या फितीवरील तक्रार तडजोडीच्या कागदातून मागे घेववा. सांगलीच्या प्रयोगाला तीन आठवडे उरले आणि तोवर सही झालेली नसेल, तर त्या प्रयोगाची पोस्टरे लोगोशिवाय, दीर्घांकाचे नाव साध्या अक्षरांत घेऊन छापा.