हिरडी, हिरडा आणि "दाढ सुजली"

प्रश्न असा आलाय की हिरडी हा शब्द हिरड्यावरून आला का, कारण हिरड्याची पूड दातांना लावतात, आणि हल्ली सगळे मसूडे म्हणतात तर तेच चालवायचं का.

मसूडे नको, हिरडी हा आपला चांगला धडधाकट शब्द आहे. पण त्याहून डोक्यात जातं ते "दाढ सुजली". अहो दाढ कशी सुजेल, तिचं वरचं कवच म्हणजे शरीरातली सगळ्यात टणक वस्तू, सुजते ती भोवतीची हिरडी. अक्कलदाढ अर्धवट वर आली की तिच्यावर हिरडीचा पदर राहतो, त्याखाली अन्न अडकतं, पदर फुगतो आणि नाव दाढेचं. शब्द चुकला की उपायही चुकतो. ब्रश करताना रक्त आलं की लोक तिथे ब्रश फिरवायचंच सोडतात, आणि रक्त बहुतेकदा येतं तेच मुळी तिथे घाणीचा थर साचलाय म्हणून.

हिरडा तर संस्कृत हरीतकीवरून, प्राकृतात हरडई आणि मग हिरडा, सरळ रस्ता. हिरडीचं त्याच्याशी नातं लावणं मला पटत नाही, हळद जखमेवर लावतात म्हणून जखमेला कोणी हळद म्हणत नाही.

खरी गंमत पुढे आहे. वरच्या दातांच्या मागे जीभ फिरवा, हिरडीचा उंचवटा लागेल, त्याच्या आत हाडात दातांच्या खोबण्या असतात. भाषाशास्त्रवाले याला वर्त्स म्हणतात आणि इथे जीभ टेकून होणारे वर्ण ते वर्त्स्य. ऋक्प्रातिशाख्यात, म्हणजे ऋग्वेदाच्या उच्चारांवरच्या जुन्या ग्रंथात, काहींच्या मते र वर्त्स्य आहे असं येतं. पण मूळ शब्द वर्त्स नव्हेच, तो बर्स्व! वाजसनेयी संहितेच्या, म्हणजे शुक्ल यजुर्वेदाच्या, 25व्या अध्यायात अश्वमेधाच्या घोड्याचा एकेक अवयव एकेका गोष्टीला वाटून दिलाय, त्यात दात गवताला, दंतमूलं पाणवनस्पतीला आणि बर्स्व मातीला. म्हणजे दात, दाताचं मूळ आणि खोबण असे तीन वेगळे शब्द त्या लोकांकडे होते, घोड्याच्या तोंडात इतकं बारीक बघितलं होतं! पुढे लिहिताना ब चा व झाला, र्स्व चं र्त्स झालं, आणि ही हस्तदोषाची चूक आज पाठ्यपुस्तकात परिभाषा म्हणून मिरवतेय, बदला म्हटलं तर कोणी ऐकत नाही.

आणि आपले व्याकरणकार? चमचातल्या च ला दंततालव्य म्हणतात. म्हणून बघा हळू, "चमचा". जिभेचं टोक ना धड दातावर ना टाळूवर, ते बसतं नेमकं त्या हिरडीच्या उंचवट्यावर. मग "चिमटा" म्हणा, जीभ मागे सरकून टाळूला पसरते. दोन टोकांची नावं जोडून मधल्या जागेचं नाव होत नाही, मधल्या जागेला स्वतःचं नाव आहे आणि ते वेदातलं आहे.

माझी भाची अमेरिकेत वाढलेली, चमचातला च तिला काही केल्या जमेना, सारखी चिमट्यातला च काढायची. दंततालव्य सांगून काय कळणार तिला. आरशासमोर उभी केली, तोंड उघडायला लावलं, वरच्या दातांमागची हिरडी बोटाने दाखवली, म्हटलं जीभ इथे टेकव आणि सोड. तिसऱ्या खेपेला आला.