‘कप्चिल’मधला ‘कप’ म्हणजे दरी नव्हे

रांजणगावच्या एका कोरियन कंपनीत नोकरी करणाऱ्या वाचकानं विचारलंय: ‘प्रशिक्षणवर्गात आम्हाला सांगितलं की साहेबाच्या अरेरावीला कोरियन लोक “गॅपजिल” म्हणतात, आणि त्यातला “गॅप” म्हणजे जुन्या पिढीची पारंपरिक मूल्यं आणि नव्या पिढीची आधुनिक मूल्यं यांतली दरी. हे बरोबर आहे का? याला मराठीत काय म्हणावं?’

बरोबर नाही. हा ‘गॅप’ इंग्रजी नाही, त्यामुळे दरीचा प्रश्नच येत नाही. ही व्युत्पत्ती मी आता तिसऱ्यांदा ऐकतोय आणि दर वेळी ती ठामपणे सांगितलेली असते. रोमन अक्षरांतला शब्द पाहायचा, त्यात ओळखीचं इंग्रजी दिसलं की थांबायचं, याला व्युत्पत्ती म्हणत नाहीत.

आधी उच्चार. कोरियनमधला तो पहिला ध्वनी शब्दाच्या सुरुवातीला आपल्या कानाला ‘क’सारखा लागतो आणि शब्दाच्या मध्ये, स्वरांच्या किंवा ‘न’सारख्या ध्वनींच्या सोबत आला की ‘ग’सारखा. ‘प’ आणि ‘ब’चं, ‘च’ आणि ‘ज’चंही तसंच. म्हणून तर 2000 साली रोमन लेखनाचे नियम बदलले तेव्हा ‘पुसान’चं ‘बुसान’ झालं. शहराचं नाव बदललं नव्हतं. तेव्हा ‘कप्चिल’ लिहा, म्हणजे ‘गॅप’ मनात यायचाच नाही.

आता ‘कप’. चिनी परंपरेतून कोरियात आलेल्या कालगणनेत दहा क्रमचिन्हं आहेत: कप, उल, प्योंग, चोंग आणि पुढची सहा. त्यांची बारा प्राण्यांच्या चक्राशी सांगड घातली की साठ वर्षांचं एक आवर्तन होतं. आपल्याकडे प्रभवापासून क्षयापर्यंत साठ संवत्सरं आहेत आणि साठी पूर्ण झाली की षष्ट्यब्दी करतात. कोरियात त्याच वाढदिवसाला ‘ह्वानगप’ म्हणतात, म्हणजे ‘कप’ फिरून आला. इथं तो मध्ये आला म्हणून ‘ग’.

हीच चिन्हं करारनाम्यात आली. आपल्या खरेदीखतात ‘लिहून देणार’ आणि ‘लिहून घेणार’ असतात, तसे तिकडच्या करारात पहिला पक्ष ‘कप’ आणि दुसरा पक्ष ‘उल’. कायद्याच्या नजरेत दोघं सारखेच, पण काम देणारा, पैसे मोजणारा, नोकरीवर ठेवणारा आपलं नाव आधी घालू लागला आणि क्रमाचं चिन्ह पायरीचं चिन्ह झालं. आता कोरियन माणूस ‘मी उल आहे’ म्हणतो तेव्हा त्याला करार सांगायचा नसतो, आपली अवस्था सांगायची असते. कंत्राटदाराचा उपकंत्राटदार स्वतःला ‘प्योंग’ म्हणवतो, त्याच्याही खालचा ‘चोंग’.

उरलं ‘चिल’. हा प्रत्यय अस्सल कोरियन, आणि मूळचा निरुपद्रवी. ‘पानुल’ म्हणजे सुई, ‘पानुजिल’ म्हणजे शिवणकाम. करवतीनं करायचं ते ‘तोप्चिल’. पुढे तो चोरीसाठीच्या शब्दाला लागला, मग तुच्छतेनं कुणाच्याही धंद्याला लागू लागला. मास्तरकीला ‘सनसेंगजिल’ म्हटलं की त्यात नाक मुरडलेलं असतं. आपल्या ‘-गिरी’चा प्रवास नेमका असाच आहे. फारसीतून आलेला हा प्रत्यय कारागिरीत आणि मुत्सद्देगिरीत किती अदबीनं उभा आहे! तोच पुढे हुजरेगिरी, चमचेगिरी, दादागिरी असा घसरत गेला. हत्यारापासून आणि हुन्नरापासून निघालेले दोन प्रत्यय, हजारो मैलांच्या अंतरावर, एकाच उतारावरून खाली आले. मला यात भाषेचा स्वभाव दिसतो.

मला सगळ्यात आवडणारी गोष्ट याच्याही पुढची. ज्या वर्षाच्या नावात ‘कप’ येतो ते इसवी सनात 4 नं संपतं. 1894 हे ‘कबो’, म्हणजे ‘कप’ आणि ‘ओ’ (घोडा), वर्ष होतं. त्या वर्षीच्या सुधारणांना कोरियन इतिहासात ‘कबो सुधारणा’च म्हणतात: जन्मावरून ठरणारे उमराव आणि सामान्य हे भेद रद्द झाले, गुलामगिरी कायद्यानं संपली, विधवांना पुनर्विवाहाची मुभा मिळाली. साठ वर्षांनी 1954 ला कबो आलं, आणि आणखी साठ वर्षांनी 2014 ला. त्याच 2014 च्या 5 डिसेंबरला न्यूयॉर्कच्या विमानतळावर कोरियन एअरच्या अध्यक्षांच्या कन्येनं, ज्या त्या कंपनीत उपाध्यक्षही होत्या, मॅकाडेमियाचे दाणे बशीऐवजी पुडीत दिले म्हणून धावपट्टीकडे निघालेलं विमान मागं फिरवलं आणि मुख्य सेवकाला खाली उतरवलं. देश पेटून उठला आणि ‘कप्चिल’ शब्द घरोघरी पोचला. ज्या नावाच्या वर्षी जन्माची पायरी पुसली, बरोबर दोन आवर्तनांनी त्याच नावाच्या वर्षी कराराच्या पायरीवरून रान उठलं.

(त्या प्रकरणाला कोरियन लोक ‘शेंगदाणा-माघारी’ म्हणतात, दाणे मॅकाडेमियाचे असूनही. शेंगदाण्याला त्यांचा शब्द ‘त्तांगखोंग’: ‘त्तांग’ म्हणजे भुई, ‘खोंग’ म्हणजे कडधान्याचा दाणा. आपला भुईमूग!)

आता त्या ‘पारंपरिक मूल्यां’कडे. व्यवस्थापनाचे व्याख्याते कोरियन कंपनीत काहीही खटकलं की कन्फ्यूशियस या प्राचीन चिनी तत्त्वज्ञाचं नाव घेतात. थोरल्या-धाकट्याचा क्रम त्या परंपरेतला आहे, हे खरं. ‘सनबे’ आणि ‘हुबे’, म्हणजे आधी आलेला आणि मागून आलेला, हे शब्द कंपनीत आजही जिवंत आहेत, आणि क्रियापदाचं रूपसुद्धा समोरच्याच्या मानाप्रमाणे बदलतं. पण त्याच परंपरेतल्या पाच नात्यांच्या शिकवणीत राजा आणि सेवक यांच्यात न्याय्य कर्तव्य सांगितलंय, बाप-लेकात माया सांगितलीय. सनबेनं हुबेला शिकवायचं, जेवायला नेलं तर बिल आपण द्यायचं. ओझं दोन्ही खांद्यांवर असतं. ‘कप्चिल’ या नात्यातून आलेलाच नाही, तो कागदावरून आला. तो शब्दच साक्ष देतो, आणि ती न ऐकता अडीच हजार वर्षांपूर्वीच्या माणसावर ठपका ठेवणं मला सहन होत नाही. उपदेशाचे डोस पाजणाऱ्या जुन्या खोडासाठी कोरियन तरुणांकडे ‘क्कोन्दे’ हा वेगळा शब्द आहे. तुमच्या वर्गाला पिढ्यांमधली दरीच शिकवायची असेल तर तो शिकवा.

कागद दुरुस्त करायचे प्रयत्नही झाले. 2013 मध्ये एका दूध कंपनीच्या विक्री-कर्मचाऱ्यानं एजन्सीवाल्याला केलेली शिवीगाळ ध्वनिमुद्रणातून बाहेर आली. जबरदस्तीनं माल गळ्यात मारण्याचा तो मामला होता. त्याच वर्षी ह्युंदाई डिपार्टमेंट स्टोअरनं आपल्या करारांतून ‘कप’ आणि ‘उल’ काढून टाकले. 2019 च्या 16 जुलैपासून कामाच्या जागी होणाऱ्या छळाविरुद्धची कायदेशीर तरतूद कोरियात लागू आहे. काही कंपन्यांनी हुद्द्यानं हाक मारणं बंद करून सगळ्यांच्या नावापुढे ‘निम’ लावायला सुरुवात केली, आपल्या ‘राव’ आणि ‘ताई’सारखं, पण सगळ्यांना एकच.

मराठी प्रतिशब्द. वर्तमानपत्रं ‘दादागिरी’ लिहितात ते चूक आहे. दादा गल्लीतला असतो, त्याला टाळून दुसऱ्या गल्लीनं जाता येतं. कपला टाळता येत नाही, कारण आपलं पोट त्याच्या सहीत अडकलेलं असतं. ‘सरंजामी वृत्ती’ तर आणखी चूक. यात कुणी सरंजामदार नाही, करार आहे.

माझा शब्द ‘वरपक्षगिरी’. लग्नात वरपक्ष आणि वधूपक्ष हे दोन पक्षच, करारातल्यासारखे. आणि मानपान, रुसवेफुगवे, पंगतीत ताट उशिरा आलं म्हणून चढलेला आवाज, हे सगळं एकाच बाजूचं. वधूचा बाप हात जोडून उभा असतो, कारण ठरलेलं मोडायला नको. ‘वर’ म्हणजे नवरा हा संस्कृत ‘वृ’पासूनचा, निवडलेला, ‘वर’ म्हणजे उंचावर हा ‘उपरि’पासूनचा. दोन निराळे शब्द मराठीत एकाच रूपात येऊन भेटले आणि ‘वरपक्ष’ दोन्ही अर्थांनी वरचा झाला. मग ‘उल’ म्हणजे वधूपक्ष, आणि प्योंग-चोंग म्हणजे वधूपक्षाकडचे आचारी-वाढपी. उलनं उलट त्रास दिला तर त्याला कोरियनमध्ये ‘उल्जिल’ म्हणतात; त्यासाठीही ‘वधूपक्षगिरी’ आयती तयार आहे.