पाच तारे असलेल्या संस्थेत रविवारी परिचारिका किती?

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीतील एडिसन येथे राहतो. माझी आई ८२ वर्षांची असून तिला स्मृतिभ्रंश आहे. दोन महिन्यांपूर्वी घरात पडून तिच्या खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रियेनंतर ती पुनर्वसन केंद्रात आहे, पण यापुढे तिला उठवायला-बसवायला दोन माणसे लागतील, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले आहे. बाबा ८६ वर्षांचे आहेत. आईला नर्सिंग होममध्ये, म्हणजे अंथरुणाला खिळलेल्यांना कायमचे सांभाळणाऱ्या संस्थेत, ठेवण्याचा निर्णय आम्ही जड मनाने घेतला आहे. मेडिकेअर या सरकारी आरोग्यविमा योजनेच्या ‘केअर कंपेअर’ या संकेतस्थळावर अशा संस्थांना एक ते पाच तारे दिलेले असतात. तिथे जवळच्या एका संस्थेला एकूण पाच तारे आहेत, पण कर्मचाऱ्यांच्या रकान्यात दोनच. दुसऱ्या संस्थेला एकूण चार आणि कर्मचाऱ्यांसाठीही चार. माझा भाऊ पेनसिल्व्हेनियात फिलाडेल्फियाजवळ राहतो, त्याने तिकडची पाच ताऱ्यांची तिसरी संस्था सुचवली आहे. निवड कशी करावी?

उत्तर : एकूण तारे तूर्त बाजूला ठेवा आणि आपल्याला खटकलेला तो दोन ताऱ्यांचा रकाना उघडा. आपल्या आईसारख्या, स्वतःहून कूस बदलू न शकणाऱ्या आणि तहान लागली तरी सांगता न येणाऱ्या व्यक्तीचा दिवस कसा जाईल, हे सर्वांत जास्त त्या रकान्यावरून कळते.

पाच आणि दोन यांचा मेळ कसा बसतो, ते आधी सांगते. एकूण ताऱ्यांची सुरुवात सरकारी तपासणीच्या ताऱ्यांपासून होते. कर्मचाऱ्यांसाठी पाच तारे असतील तर त्यात एक मिळवतात आणि एकच असेल तर एक वजा करतात. काळजीच्या गुणवत्तेच्या निर्देशकांनाही तोच नियम आहे. त्यामुळे तपासणीत चार, निर्देशकांत पाच आणि कर्मचाऱ्यांत दोन तारे असलेल्या संस्थेला एकूण पाच तारे मिळू शकतात, कारण दोन ताऱ्यांसाठी काहीच कापले जात नाही. उलट कर्मचाऱ्यांत चार तारे मिळवणाऱ्या संस्थेच्या पदरात त्याबद्दल एकही जादा तारा पडत नाही. आपल्या यादीतली दुसरी संस्था बहुधा याच कारणाने मागे दिसते आहे आणि मला तो तिच्यावर अन्याय वाटतो.

निर्देशकांतील बराचसा भाग, म्हणजे किती रहिवासी पडून जखमी झाले, किती जणांना शय्याव्रण (सतत पडून राहिल्याने होणारी जखम) झाले, यांसारख्या गोष्टी, संस्थेने स्वतः भरलेल्या मूल्यमापनावर आधारलेला असतो. मनोविकारावरील गुंगी आणणारी औषधे किती जणांना दिली, हाही एक निर्देशक आहे. त्यातून स्किझोफ्रेनियाचे निदान असलेले रहिवासी वगळतात. काही संस्था असे निदान पुरेशा आधाराशिवाय नोंदवत असल्याचे आढळल्याने मेडिकेअर चालवणाऱ्या केंद्रीय यंत्रणेने २०२३ पासून त्या नोंदींची पडताळणी सुरू केली. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाच्या मुलीने ही गोष्ट ध्यानात ठेवावी आणि आईला कोणते औषध कशासाठी देणार, हे प्रवेशाच्या वेळीच विचारावे.

कर्मचाऱ्यांच्या आकड्यांचे तसे नाही. पूर्वी तेही संस्थांच्या सांगण्यावरच अवलंबून होते, परंतु २०१६ पासून प्रत्येक संस्थेला पगारपत्रकावरून प्रत्येक दिवसाचे कामाचे तास सरकारकडे पाठवावे लागतात आणि २०१८ पासून तारे त्यावरूनच ठरतात. संकेतस्थळावर दर रहिवाशामागे दररोज किती तास कर्मचारी उपलब्ध होते, हे दिसते. समजा, शंभर रहिवाशांच्या संस्थेत हा आकडा ३.६ तास आहे. म्हणजे दिवसाला ३६० तास, आठ तासांच्या ४५ पाळ्या. त्या तीन पाळ्यांत विभागा, रात्री माणसे कमी असतात हे धरा, आणि मग आपल्या आईला कूस बदलून द्यायला मध्यरात्री कोण येईल, याचा विचार करा. त्यातही नोंदणीकृत परिचारिकांचा आकडा वेगळा पाहा. तिथे ०.४ दिसले तर तो दिवसभरातून २४ मिनिटांचा हिशेब आहे, आणि त्यात परिचर्या विभागाच्या प्रमुखांसारख्या कार्यालयात बसून काम करणाऱ्या परिचारिकांचेही तास धरलेले असतात.

याहून महत्त्वाच्या दोन नोंदी २०२२ पासून उपलब्ध आहेत, त्या अनेक कुटुंबे उघडूनही पाहत नाहीत. पहिली शनिवार-रविवारची. आठवडाभर नीटनेटकी वाटणारी संस्था रविवारी निम्म्या माणसांवर चालत असेल, तर ते इथे उघड होते. दुसरी नोंद वर्षभरात किती कर्मचारी नोकरी सोडून गेले याची. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाला नाव आठवत नाही, पण रोजचा हात आणि आवाज ओळखीचा होतो. कोणत्या बाजूला वळवले की आई कण्हते, हे तिला सहा महिने सांभाळणाऱ्या साहाय्यिकेलाच माहीत असते. म्हणून दोन संस्थांचे तास सारखे असतील, तर जिथली माणसे टिकतात ती संस्था मी निवडेन.

आता भावाने सुचवलेल्या संस्थेबद्दल. तपासणीचे तारे प्रत्येक राज्यात तिथल्याच संस्थांची आपसांत तुलना करून दिले जातात : राज्यातील वरच्या दहा टक्के संस्थांना पाच, खालच्या वीस टक्क्यांना एक. त्यामुळे पेनसिल्व्हेनियातील पाच तारे आणि न्यू जर्सीतील पाच तारे यांची बरोबरी करता येत नाही. कर्मचाऱ्यांच्या तासांची मात्र करता येते. दोन्ही राज्यांचे नियमही निराळे आहेत. न्यू जर्सीत दिवसपाळीला आठ रहिवाशांमागे एक प्रमाणित साहाय्यक, संध्याकाळी दहांमागे आणि रात्री चौदांमागे थेट काळजी घेणारी एक व्यक्ती असावी लागते. पेनसिल्व्हेनियात जुलै २०२४ पासून दर रहिवाशामागे दिवसाला किमान ३.२ तासांची अट आहे. संपूर्ण देशासाठी ३.४८ तासांचा नियम २०२४ मध्ये जाहीर झाला होता, पण पुढच्याच वर्षी टेक्सासमधील संघीय न्यायालयाने तो रद्द ठरवला. इतक्या वर्षांच्या मागणीनंतर झालेला नियम अमलात येण्याआधीच गेला, याचे मला मनापासून वाईट वाटते.

आकडे पाहून झाल्यावर प्रत्यक्ष भेट द्या, आणि ती ठरवून दिलेल्या वेळेखेरीज एकदा रविवारी दुपारच्या जेवणाच्या वेळी द्या. त्या दिवशी प्रत्येक पाळीत किती परिचारिका आणि साहाय्यक आहेत, याचा तक्ता सर्वांना दिसेल अशा जागी लावणे संस्थेला कायद्याने बंधनकारक आहे. तो वाचा आणि मग मजल्यावर फिरून माणसे मोजा. ज्यांना भरवावे लागते, त्यांची ताटे गार होईपर्यंत पडून आहेत का? बोलावण्याची घंटा किती वेळ वाजते आहे? तपासणीचा सविस्तर अहवालही मागा. संकेतस्थळावर लाल गोलातील हाताची खूण दिसली, तर ती छळ किंवा अत्याचारासंबंधीची नोंद असते आणि अशा संस्थेचा विचार मी करणार नाही. राज्याच्या दीर्घकालीन शुश्रूषेच्या लोकपाल कार्यालयालाही फोन करा. तिथे तक्रारी ऐकून घेणारी माणसे या संस्था आतून पाहत असतात.

आणखी एक. हा आजार वाढला की अनेकदा नंतर शिकलेली भाषा आधी जाते आणि मायबोली मागे उरते. न्यू जर्सीत काही संस्थांमध्ये भारतीय जेवणाचे वेगळे विभाग आहेत. परंतु वरण-भात मिळतो एवढ्यावर समाधान न मानता, रात्रपाळीला मराठी, निदान हिंदी समजणारे कुणी असते का, ते विचारा.

आपण दिलेल्या माहितीवरून माझा कल दुसऱ्या, चार ताऱ्यांच्या संस्थेकडे आहे. तिचे शनिवार-रविवारचे तास आणि कर्मचाऱ्यांचे टिकणे समाधानकारक असेल तर तीच घ्यावी. शिवाय ती जवळ आहे; बाबांना रोज जाऊन आईजवळ बसता येईल आणि घरचे माणूस रोज येते हे कर्मचाऱ्यांनाही ठाऊक राहील.

प्रश्न : पुण्यात वडिलांसाठी शुश्रूषा केंद्र शोधत आहोत. इथे अशी तुलना कुठे पाहता येईल?

उत्तर : आपल्याकडे ‘नर्सिंग होम’ म्हणजे छोटे खासगी रुग्णालय; १९४९ चा नोंदणी कायदा त्यांच्यासाठी आहे. अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांना कायमचे सांभाळणाऱ्या केंद्रांची, पगारपत्रकावरून तपासलेली अशी तुलना इथे उपलब्ध नाही. त्यामुळे ती आपल्यालाच करावी लागेल. रात्री किती मावशी आणि ब्रदर असतात, त्यांतले किती केंद्राचे आणि किती ब्युरोकडून रोज बदलून येणारे, प्रशिक्षित सिस्टर चोवीस तास असते की फक्त दिवसा, हे लेखी विचारा. गेल्या तीन महिन्यांत किती रहिवाशांना शय्याव्रण झाले, हेही विचारा. मग परवानगी घेऊन चालू महिन्याचे हजेरीपुस्तक पाहा आणि त्यातल्या रविवारच्या सह्या मोजा.