ताळेबंद गावाचा, हिशेब साऱ्या ओढ्याचा

रब्बीच्या तोंडावर ओढ्याकाठच्या गावांतून आलेले प्रश्न वरवर वेगवेगळे आहेत. कोणी विहीर आटल्याचे विचारले आहे, कोणी सोयाबीन पिवळे पडल्याचे, तर कोणी वरच्या गावाने पाणी अडवल्याचे. मूळ एकच आहे. पाऊस आता थोड्या दिवसांत जास्त पडतो आणि मधे लांब खंड घेतो. एकट्या शेतकऱ्याने एकट्या शेतात याला तोंड देणे अवघड आहे, म्हणून उत्तरे गाव आणि ओढा धरून दिली आहेत.

प्रश्न : पाऊस सरासरीइतका होतो, जलसंधारणाची कामेही झाली आहेत. तरी जानेवारी संपता संपता विहिरी तळाला जातात. अजून कोणते काम घ्यावे?

नवे काम घेण्याआधी गावाच्या पाण्याचा ताळेबंद मांडा. बंधारे भरपूर असूनही विहिरी आटत असतील, तर बहुतेक वेळा जमिनीत मुरलेल्या पाण्यापेक्षा उपसा जास्त होत असतो. नव्या बंधाऱ्याने तो उपसा कमी होत नाही.

१ हेक्टरवर १ मिमी पाऊस पडला की १० घनमीटर, म्हणजे १०,००० लिटर पाणी होते. हजार घनमीटर म्हणजे एक टीसीएम. समजा गावाचे क्षेत्र ८०० हेक्टर आणि पाऊस ५५० मिमी. पडलेले पाणी झाले ४,४०० टीसीएम. आकडा मोठा दिसतो आणि पहिली चूक इथेच होते, कारण हे सगळे पाणी वापरायला मिळत नाही. मोठा वाटा पिके, गवत, झाडे आणि मातीच्या बाष्पीभवनात जातो, काही ओढ्याने वाहून जातो. काळ्या पाषाणाच्या प्रदेशात भूजलात मुरणारा वाटा खडकाच्या प्रकारानुसार साधारण ७ ते १३ टक्के धरतात. १० टक्के धरले तर हाती राहतात ४४० टीसीएम.

हा अंदाज विहिरींवर पडताळा. माथ्याला, मधल्या पट्ट्यात आणि पायथ्याला मिळून १० ते १५ विहिरी निवडा. कठड्यावर रंगाची खूण करा आणि दरवेळी तिथूनच टेप सोडा. कठड्याची उंची वजा करायला विसरू नका. मोजणीआधी रात्रभर मोटार बंद हवी. चालू मोटारीच्या विहिरीत पातळी खोटी खाली दिसते आणि सगळा हिशेब बिघडतो. मे अखेर एकदा आणि सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात एकदा मोजा. पातळी सरासरी ३ मीटर चढली असेल आणि झिजलेल्या काळ्या खडकात पाणी साठवण्याची जागा २ टक्के धरली, तर ८० लाख चौरस मीटर गुणिले ३ गुणिले ०.०२ म्हणजे ४८० टीसीएम. दोन आकडे जवळपास आले म्हणजे हिशेब मार्गावर आहे. नियोजनाला लहान आकडा घ्या.

आता खर्चाची बाजू. १,५०० माणसांना रोज ५५ लिटरप्रमाणे वर्षाला सुमारे ३० टीसीएम लागतात. ६०० मोठ्या जनावरांना रोज ४० लिटर धरले तर ९, आणि १,००० शेळ्या-मेंढ्यांना ५ लिटरप्रमाणे २. म्हणजे ४१ टीसीएम आधी बाजूला काढून ठेवायचे. उरलेल्या ४०० पैकी किमान चौथा हिस्सा राखीव ठेवा, कारण जूनचा पाऊस लांबतो आणि थोडे भूजल ओढ्याला झिरपून जातेच. रब्बीसाठी राहिले ३०० टीसीएम. खरिपाला विहिरीतून पाणी दिले असेल तर तेही यातूनच वजा करा.

गव्हाला साधारण ४०० मिमी पाणी लागते, हेक्टरी ४ टीसीएम. त्या हिशेबाने ७५ हेक्टर गहू होईल. हरभऱ्याला जमिनीतली ओल धरून ६० मिमीच्या दोन पाळ्या पुरतात, हेक्टरी १.२ टीसीएम. तेवढ्याच पाण्यात २५० हेक्टर हरभरा होतो. ऊस आणि उन्हाळी कांदा किती घ्यायचा, हे ग्रामसभेने या आकड्यांसमोर बसून ठरवावे. हे २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेतच झाले पाहिजे. कोरडवाहू हरभऱ्याची पेरणी त्याच सुमारास येते, आणि बियाणे खरेदी झाल्यावर पीक बदलायला कोणी तयार होत नाही. परतीचा पाऊस चांगला झाला तर ऑक्टोबरअखेर पुन्हा मोजून आकडा सुधारावा.

ताळेबंद फसतो तो सहसा बोअरवेलमुळे. सातबाऱ्यावर विहिरी सापडतात, बोअर सगळे सापडत नाहीत. मोजणीच्या वेळी गल्लीगल्लीने फिरून बोअर, मोटारीचा एचपी आणि रोज चालणारे तास लिहून घ्या. खोल बोअर नवे पाणी तयार करत नाही. एक तर तो वरच्या झिजलेल्या थरातले, म्हणजे शेजारच्या विहिरीचेच पाणी ओढतो, नाही तर खोल भेगांत साठलेले पाणी काढतो, जे भरायला वर्षे लागतात. हिवरे बाजारने शेतीसाठी बोअरवेलवर बंदी घातली आणि दरवर्षी पावसानुसार पिके ठरवली, म्हणून तिथला ताळेबंद कागदावर राहिला नाही. पुरंदर तालुक्यातील नायगावात विलासराव साळुंखे यांनी १९७० च्या दशकात सुरू केलेल्या पाणी पंचायतीने पाणी जमिनीच्या एकरांवर न देता घरातील माणसांवर दिले, भूमिहीनांनाही हक्क दिला आणि उसाला मनाई केली. आमच्या मते वाटपाचा नियम ठरवताना हे तत्त्व आजही सगळ्यात न्याय्य आहे. ज्याच्याकडे पाच एकर आहे त्यालाच फक्त पाणी मिळाले, तर बाकीचे नियम पाळणार नाहीत.

प्रश्न : वरच्या गावाने नाला खोल केला, त्यावर तीन बंधारे बांधले. आमच्या बंधाऱ्यात आता डिसेंबरमध्येच पाणी नसते. दाद कुठे मागावी?

तक्रार करण्याआधी दोन्ही गावांची नोंद एका कागदावर आणा. ओढ्याचे पाणलोट क्षेत्र नकाशावर पाहिले तर त्यात तीन-चार गावांची शिवारे येतात. गावाची हद्द महसुलाने आखली आहे, पाणी ती ओळखत नाही. त्यामुळे एका गावाचा ताळेबंद अपुरा असतो. ओढ्यावरच्या प्रत्येक गावातून दोन शेतकरी, जलसुरक्षक (गावच्या पाण्यावर लक्ष ठेवणारा ग्रामपंचायतीचा माणूस) आणि सहायक कृषी अधिकारी (पूर्वीचे कृषी सहायक) असा गट करा. त्यात महिला बचत गटातील एक प्रतिनिधी असावी, कारण पाणी कधी कमी पडले याची खरी तारीख घरातच कळते. वर्षातून दोन बैठका पुरेत, मे आणि ऑक्टोबरमध्ये. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये मोजते. तुमच्या नोंदी त्याच महिन्यांत ठेवल्या तर ताडून पाहता येतात.

पहिल्या बैठकीत तीन गोष्टी मिटवा. कोल्हापुरी बंधाऱ्यांचे बर्गे, म्हणजे पाणी अडवायच्या काढत्या-घालत्या फळ्या, कधी आणि कोणत्या क्रमाने घालायचे, ही पहिली. बर्गे लवकर घातले आणि परतीचा मोठा पाऊस आला तर पाणी बाजूच्या काठाने फुटते, बंधारा उभा राहतो आणि शेत वाहून जाते. उशीर केला तर ओढ्याचा प्रवाहच संपतो. म्हणून प्रवाह स्थिरावल्यावर, साधारण ऑक्टोबरच्या मध्यापासून, खालचा बंधारा आधी अडवावा आणि तो भरला की वरचा. वरच्याला प्रवाह शेवटपर्यंत मिळतो, खालच्याला मिळत नाही, म्हणून हा क्रम. बर्ग्यांमधली रबरी पट्टी दरवर्षी तपासा. पट्टी कुजली की महिन्याभरात बंधारा रिकामा होतो आणि दोष वरच्या गावावर येतो.

दुसरी गोष्ट नाला खोलीकरणाची. गाळ आणि मुरूम काढणे ठीक. पण नाल्याचा तळ शेजारच्या विहिरींच्या पाणीपातळीखाली गेला, तर नालाच त्या विहिरींचे पाणी ओढून घेतो. नाला भरलेला दिसतो, काठच्या विहिरी मात्र लवकर उतरतात. खोदाईच्या वेळी कठीण खडक लागला की थांबा. सरसकट लांब खोदू नका, मधे न खोदलेले आडवे पट्टे ठेवा, म्हणजे पाणी टप्प्याटप्प्याने थांबते.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे माथ्यावरची कामे. डोंगरउतार वरच्या गावात असतो, पण तिथल्या चरांचा फायदा खालच्या गावालाही होतो. त्यामुळे श्रमदान आणि देखभाल दोन्ही गावांनी वाटून घेणे योग्य. ६० सेमी रुंद आणि ३० सेमी खोल सलग समतल चरात दर मीटरला १८० लिटर पाणी बसते. हेक्टरी १,००० मीटर चर असेल तर एका भरण्यात १८० घनमीटर, म्हणजे १८ मिमी वाहते पाणी थांबते. चर ए-फ्रेमने (समतल रेघ आखायच्या ‘ए’ आकाराच्या चौकटीने) किंवा पाण्याच्या पारदर्शक नळीने समतल आखा. नजरेने आखलेला चर एका टोकाला कलतो, सगळे पाणी तिथे धावते, भराव फुटतो आणि नवी ओघळ तयार होते. माती उताराच्या खालच्या बाजूला, चराच्या काठापासून २० ते ३० सेमी सोडून टाका, नाही तर पहिल्याच पावसात ती चरात परत येते.

हे सारे करूनही तोडगा निघाला नाही तर महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, २००९ आहे. अधिसूचित क्षेत्रात पाणलोट क्षेत्र जलसंपत्ती समितीची तरतूद त्यात आहे. समितीसमोर जाताना तुमच्या विहिरींच्या दोन-तीन वर्षांच्या नोंदी सोबत असल्या, तर म्हणण्याला वजन येते.

प्रश्न : पेरणीनंतर वीस दिवस पाऊस नाही, मग एका रात्रीत शेतात गुडघाभर पाणी. सोयाबीन दोन्हीत जाते. काय करावे?

दोन्हीला एकच उपाय लागू पडतो, रुंद वरंबा सरी (बीबीएफ). वरंब्यावर तीन किंवा चार ओळी आणि दोन्ही बाजूंना १५ ते २० सेमी खोल सरी. खंडात सरीतली ओल मुळांना मिळते, अतिवृष्टीत जादा पाणी सरीतून निघते. बीबीएफ यंत्र नसेल तर नेहमीच्या पेरणीत दर चार ओळींनंतर एक ओळ मोकळी सोडा आणि तिथे बळीराम नांगराने सरी काढा.

बहुतेक ठिकाणी चूक होते ती सरीच्या तोंडाशी. आपल्या शेताची सरी शेजाऱ्याच्या बांधावर संपली, तर मोठ्या पावसात त्याचे शेत बुडते, तो बांध बंद करतो आणि मग आपले बुडते. म्हणून सरी किंचित उताराने काढून त्यांचे पाणी गवत लावलेल्या सामायिक चरात घ्यावे आणि तो चर ओढ्यापर्यंत न्यावा. एका पट्ट्यातील दहा-बारा शेतकऱ्यांनी एप्रिल-मेमध्ये एकत्र बसून चराची रेघ ठरवली तर जूनमधली भांडणे टळतात. बीबीएफ यंत्रही गटानेच घ्यावे. पेरणीची वेळ सात-आठ दिवसांचीच असल्याने एका यंत्रावर किती एकर होतील याचे वेळापत्रक आधी लावा.

७५ ते १०० मिमी पाऊस होऊन जमीन चांगली ओली झाल्याशिवाय पेरू नका. घरचे बियाणे असेल तर १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा आणि सातव्या दिवशी निरोगी कोंब मोजा. ७० आले तर एकरी ३० किलो, त्याखाली दर एक टक्क्याला अर्धा किलो वाढवा. ६० च्या खाली असेल तर ते बियाणे पेरू नका. शेजारच्या गावांत कोणाकडे चांगले बियाणे आहे, ही यादी एप्रिलमध्येच तयार ठेवा. दुबार पेरणीची वेळ आली तर बाजारात धावण्याआधी ती यादी उपयोगी पडते.

खंड पडला तर कोळपणी करा. एक कोळपणी म्हणजे अर्धे पाणी, ही म्हण शास्त्राला धरून आहे, कारण भुगा झालेला वरचा थर खालच्या ओलीचा मार्ग तोडतो. फुले लागल्यावर मात्र सोयाबीनमध्ये कोळपे घालू नका, मुळे तुटतात. वाढीच्या अवस्थेत ताण दिसत असेल तर १० लिटर पाण्यात १०० ग्रॅम पोटॅशियम नायट्रेटची फवारणी सकाळी किंवा संध्याकाळी करा.

प्रश्न : शेततळे विहिरीच्या पाण्याने भरून ठेवले तर उन्हाळ्यात कामी येईल ना?

शक्यतो भरू नका. ३० बाय ३० बाय ३ मीटर, १:१ उताराच्या शेततळ्यात २,१९६ घनमीटर पाणी बसते. एप्रिल-मेमध्ये दिवसाला ८ मिमी बाष्पीभवन धरले, तर काठोकाठ भरलेल्या ९०० चौरस मीटर पृष्ठभागावरून रोज सुमारे ७,२०० लिटर उडून जातात. तेच पाणी विहिरीखाली, खडकात, जवळजवळ न उडता राहिले असते, आणि ते शेजाऱ्याचेही होते. शेततळे पावसाच्या वाहत्या पाण्याने भरावे आणि ते पाणी ऑगस्ट-सप्टेंबरच्या खंडात खरिपाला संरक्षित पाणी म्हणून आधी वापरावे.

प्रश्न : महसूल मंडळातील केंद्राचा पाऊस आणि आमच्या गावचा पाऊस जुळत नाही. आम्ही स्वतः मोजू शकतो का?

मोजलाच पाहिजे, ताळेबंदाची सुरुवात तिथूनच होते. मान्यताप्राप्त पर्जन्यमापक घेता आला तर उत्तम. नसेल तर सरळ भिंतींचे, सपाट तळाचे भांडे चालते. आत पट्टी लावून पाण्याची उंची मिमीमध्ये वाचा. निमुळत्या बादलीचा आकडा चुकतो. भांड्याचे तोंड जमिनीपासून ३० सेमी उंच आणि सपाट असावे. झाड किंवा भिंत तिच्या उंचीच्या किमान दुप्पट अंतरावर असावी. रोज सकाळी ८.३० वाजता वाचा, पाऊस नसला तरी शून्य लिहा. शून्य न लिहिलेल्या वहीत खंड किती दिवसांचा होता हे कळत नाही. ओढ्यावरच्या सर्व गावांनी एकाच वेळी वाचून आकडा गटाच्या मोबाइलवर टाकला, तर वरच्या गावात पडलेल्या ८० मिमी पावसाची खबर खालच्या गावाला पूर पोहोचण्याआधी मिळते. ओढ्याकाठच्या मोटारी आणि जनावरे हलवायला तेवढा वेळ पुरतो. हवामानावर आधारित विमा आणि शासकीय मदतीसाठी मंडळातील केंद्राचाच आकडा धरला जातो, हे लक्षात ठेवा. पण तिथल्या आकड्यात सतत मोठा फरक दिसत असेल, तर तुमची वही जोडून तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे केंद्राच्या तपासणीची मागणी करता येते.