आईला काय सांगायचं?

प्रिय मित्रा,

तुझा मेसेज वाचला. प्रीलिमचं टेन्शन सगळ्यांनाच असतं, असं तू लिहिलंस आणि त्याच्याच खाली लिहिलंस की महिना झाला, रात्री दोन-तीनपर्यंत डोळा लागत नाही, डबा तसाच घरी येतो, गणिताचा पेपर समोर आला की हात गार पडतात. मदत मागायला एवढं पुष्कळ झालं. आणखी बिघडायची वाट कशाला पाहायची?

तुला धास्ती आहे ती पोरांची. समुपदेशक मॅडमच्या खोलीत शिरताना कोणी पाहिलं, तर मधल्या सुट्टीत ‘याले पागलखाना चौकात सोडा बे’ सुरू होईल. होईलही, खोटं कशाला सांगू! मनोरुग्णालयाजवळच्या चौकाला आपल्या नागपुरात मोठी माणसंही बिनदिक्कत तेच म्हणतात, पोरांना काय बोलणार? तेव्हा शाळा सुटल्यावरची वेळ मॅडमकडे मागून घे. तेही नको वाटत असेल तर १४४१६ लाव. ही टेलिमानसची सरकारी हेल्पलाइन २०२२ पासून चालू आहे. फुकट आहे, रात्रीही कोणी ना कोणी उचलतं, मराठीत बोलता येतं. जगूच नये असं कधी मनात आलं, तर मात्र त्याच घटकेला आईला उठव. रात्रीचे तीन वाजले असले तरी.

आता आईचं. ‘मला डिप्रेशन आलंय’ अशी सुरुवात करू नकोस. ते आहे की नाही हे डॉक्टर ठरवतील, आणि तो शब्द ऐकला की घरात रडारड होईल, नाहीतर मोबाइल काढून घेतील. तू झोपेचं सांग, डब्याचं सांग, हातांचं सांग. दोघांसमोर एकदम नको. दुपारी ती भाजी निवडायला बसली की शेजारी बसून तूही चार जुड्या निवड आणि बोल. नजर लागली म्हणून ती मीठ-मोहऱ्या ओवाळेल. ओवाळू दे, त्यावर वाद घालू नकोस. पण दवाखान्यात कोणत्या दिवशी जायचं, ते ठरवल्याशिवाय उठू नकोस.

मेडिकलला, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात, मानसोपचाराची ओपीडी आहे. इतर विभागांसारखीच चिठ्ठी काढायची, बाकावर बसायचं. डॉक्टर झोप, भूक, अभ्यास, घरचं वातावरण विचारतील. कदाचित हिमोग्लोबिन आणि थायरॉइडही तपासायला सांगतील, कारण थकवा आणि धडधड त्यानंही होते. गोळ्या प्रत्येकालाच देत नाहीत, पुष्कळदा बोलण्यावरच उपचार चालतो. मरणाचे विचार येतात का, हेही विचारतील. दचकू नकोस, तो त्यांचा नेहमीचा प्रश्न आहे. खरं ते सांग.

तू अठराच्या आतला, म्हणून आई-बाबांपैकी कोणीतरी सोबत लागेल. थोडं एकट्यानं बोलायचं असेल तर डॉक्टरांना तसं सांग, ते आईला बाहेर बसायला सांगतील. जिवाला धोका वाटला तर मात्र घरच्यांना कळवतील, आणि कळवायलाच हवं. बाकी तुझी माहिती बाहेर कोणाला न सांगायला २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं ते बांधील आहेत. शाळेला कोणी पत्र पाठवत नाही.

बाबांचं मी पाहतो. ते ‘आमच्या वेळी असं काही नव्हतं’ म्हणतील, त्यांना माझ्याशी फोनवर बोलायला सांग. आईशी मात्र तूच बोल, या रविवारीच. काय झालं ते रात्री कळव.

तुझा,
सर